स्फोटांच्या शोधात सापडलेली पृथ्वी: महासत्तांच्या स्पर्धेतील विज्ञानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मधल्या साडेचार दशकांत अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी एकमेकांविरुद्ध उघड युद्ध कधी पुकारले नाही. रणांगणे होती कोरियात, व्हिएतनामात, अफगाणिस्तानात, आणि मरणारी माणसेही बहुतेक तिथलीच. दोन महासत्तांची थेट चुरस चालली ती प्रयोगशाळांत, वेधशाळांत, कारखान्यांत आणि विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांत. या चुरशीने विज्ञान आणि तंत्रज्ञान कसे घडवले, याचा शोध घेणारे एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र गेल्या चाळीसेक वर्षांत आकाराला आले आहे. त्याची तोंडओळख मराठी वाचकांना करून द्यावी, या हेतूने ही प्रस्तावना लिहिली आहे.

परक्या देशांचे हे जुने भांडण आपण कशासाठी वाचावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याला माझे उत्तर साधे आहे. अनोळखी गावात रस्ता दाखवणारा तुमचा फोन, पावसाळ्यात दूरदर्शनवर दिसणारे ढगांचे उपग्रहचित्र, लहान मुलांच्या तोंडात घातलेले पोलिओचे दोन थेंब, कोकणात किंवा साताऱ्यात जमीन हादरली की काही मिनिटांत जाहीर होणारा भूकंपाचा केंद्रबिंदू, यांतल्या प्रत्येकाच्या मुळाशी त्या स्पर्धेचा एखादा धागा निघतो. आपण त्या भांडणात पक्षकार नव्हतो. पण त्याचे वारसदार नक्कीच आहोत.

या विषयाचे नाव काढले की बहुतेकांना आठवते ती अवकाशाची शर्यत. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. २० जुलै १९६९ रोजी अमेरिकेची माणसे चंद्रावर उतरली. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की इथे तिचा विस्तार करत नाही. तिच्यातली एक बाब मात्र नवख्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. पहिली काही वर्षे सोव्हिएत संघ आघाडीवर का राहिला? स्पुतनिकला वर नेणारे आर-७ हे रॉकेट मुळात अण्वस्त्र वाहून नेण्यासाठी बांधलेले होते, आणि त्या वेळी सोव्हिएत बाँब फार जड असतील असे गृहीत धरले होते. जड ओझ्यासाठी दणकट रॉकेट लागले. म्हणूनच त्यांचा पहिला उपग्रह साधारण ८४ किलोचा होता, तर अमेरिकेचा पहिला उपग्रह, एक्सप्लोरर-१, १४ किलोच्या आसपास. बाँब हलके करण्यात अमेरिका पुढे असल्याने तिला तितकी मोठी रॉकेटे लागली नव्हती. शस्त्रांच्या हिशेबात जी बाजू मागे होती, ती अवकाशाच्या हिशेबात पुढे गेली.

या एका उदाहरणात या क्षेत्राचा मुख्य प्रश्न दडलेला आहे. स्पर्धेमुळे विज्ञानाला पैसा मिळाला आणि त्याचा वेग वाढला, हे खरे आहे. पण तेवढ्याने फारसे कळत नाही. अधिक खोलात नेणारा प्रश्न असा, की या स्पर्धेने कोणते प्रश्न विचारण्याजोगे ठरवले आणि कोणते बाजूला ठेवले? एखादी गोष्ट मोजायची गरज कोणाला वाटली, आणि मोजून झाल्यावर त्या आकड्यांतून भलतेच काय हाती लागले? माझ्या मते याचे सर्वांत सुंदर उत्तर अवकाशात नाही. ते आपल्या पायांखाली आहे.

अणुस्फोटांच्या चाचण्या १९५० च्या दशकात वाढत गेल्या, तशी त्यांच्यावर बंदी घालण्याची मागणीही वाढली. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेला स्फोट अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला आणि त्याची किरणोत्सर्गी राख जपानी मच्छीमारांच्या बोटीवर पडली. त्यानंतर सुमारे महिन्याभरात पंडित नेहरूंनी चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले होते. पण करार करायचा तर तो पाळला जातो आहे की नाही, हे ओळखायचे कसे? हवेतला स्फोट लपत नाही, जमिनीच्या पोटात केलेला मात्र लपू शकतो. १९५८ च्या उन्हाळ्यात दोन्ही गटांचे तज्ज्ञ जिनिव्हात एकत्र बसले, आणि चर्चा फिरून फिरून एकाच मुद्द्यावर आली: दूरवरच्या यंत्रावर उमटलेली थरथर भूकंपाची की बाँबची?

हा प्रश्न राजकीय होता, उत्तर मात्र भौतिकशास्त्राकडे होते. स्फोट भोवतालचा खडक सर्व दिशांना बाहेर ढकलतो; म्हणून कोणत्याही दिशेच्या केंद्रावर त्याची पहिली लाट जमीन वर उचलते. भूकंपात दोन खडक एकमेकांवर घसरतात. त्यामुळे काही दिशांना पहिला धक्का वर येतो, काहींना खाली जातो. म्हणजे पहिली हालचाल वर की खाली, एवढे जगभरातून खात्रीने कळले तरी बराच उलगडा होतो. अडचण अशी की तेव्हाच्या भूकंपमापनात नेमकी हीच खात्री नव्हती. प्रत्येक वेधशाळेचे यंत्र वेगळे, घड्याळ वेगळे. काही ठिकाणी तर तारा उलट जोडल्याने वरचा धक्का खाली नोंदला जाई. भूकंपशास्त्र हे मोजक्या माणसांचे, तुटपुंज्या पैशाचे शास्त्र होते.

चाचण्यांच्या भीतीने ते चित्र काही वर्षांतच पालटले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘व्हेला’ या चाचणीशोध प्रकल्पातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जगभर एकसारख्या भूकंपमापकांचे जाळे उभारण्यात आले. सुमारे १२० केंद्रांवर तीच यंत्रे, तीच रचना आणि तशीच अचूक घड्याळे बसली. सोव्हिएत संघ आणि चीन अर्थातच त्यात नव्हते. नोंदींच्या सूक्ष्मचित्रफिती कोणालाही मागवता येत, हा या जाळ्याचा मोठेपणा. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट वेधशाळेतल्या लिन साइक्स यांनी त्या नोंदी घेऊन समुद्राच्या तळाशी होणाऱ्या भूकंपांची पहिली हालचाल तपासली आणि १९६७ मध्ये दाखवून दिले की तळाचे खडक, नवा समुद्रतळ तयार होऊन दूर सरकत असेल तर जसे सरकावेत, तसेच सरकत आहेत. पुढच्याच वर्षी साइक्स, ब्रायन आयझॅक्स आणि जॅक ऑलिव्हर यांनी जगभरच्या भूकंपांची सांगड पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्यांच्या हालचालीशी घातली. भूपट्टांचा सिद्धांत म्हणून आज शालेय पुस्तकांत जे असते, त्याचा भक्कम पुरावा असा चोरून केलेले बाँबस्फोट पकडण्यासाठी मांडलेल्या यंत्रांनी दिला.

त्या जाळ्यातले एक केंद्र पुण्यात होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्याच्या लाटा या प्रमाणित यंत्रांवर देशोदेशी उमटल्या. दख्खनचे पठार हे स्थिर, न हलणारे खडक, असा तोवरचा समज होता. भूकंप नेमका कुठे झाला, किती खोलवर झाला, खडक कोणत्या दिशेने सरकले, याचे गणित अभ्यासकांनी पुढे ज्या नोंदींवरून मांडले, त्यांत या जाळ्याच्या नोंदी होत्या. धरणातल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध तपासण्यासाठी जगात ज्या जागांकडे आजही प्रथम बोट दाखवले जाते, त्यांत कोयना अग्रभागी आहे. नेवाडा आणि सेमिपालातिन्स्कच्या वाळवंटी माळांवरचे स्फोट आणि सह्याद्रीच्या कुशीतला एक भूकंप यांच्यामध्ये अशी एक वाट आहे. ती सहसा कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडी सविस्तर सांगितली.

समुद्राची हकिगत याच धर्तीची आहे, फक्त तिथे बाँबऐवजी पाणबुडी आहे. पाण्याखालची पाणबुडी हुडकण्यासाठी विकसित झालेले चुंबकत्वमापक पुढे संशोधन-जहाजांच्या मागे बांधून ओढले जाऊ लागले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ झालेल्या अशा पाहणीत समुद्रतळाच्या चुंबकत्वाचे विचित्र पट्टे दिसले. गंमत म्हणजे चुंबकत्वाचा नकाशा छापायला परवानगी मिळाली, आणि त्याच पाहणीत घेतलेली खोलीची मापे गुप्त राहिली. पाणबुड्यांना खोली महत्त्वाची, चुंबकत्वाचे पट्टे कोणाला कशाला हवेत, असा त्यामागचा हिशेब असावा. या पट्ट्यांचा अर्थ १९६३ मध्ये केंब्रिजच्या फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी लावला. त्यासाठी त्यांच्या हाताशी होती आपल्या अरबी समुद्राच्या दक्षिणेकडे असलेल्या कार्ल्सबर्ग या जलमग्न पर्वतरांगेवरची मापे. ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत गोळा झाली होती. याच मोहिमेची फलश्रुती म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, आणि ती आज गोव्यात दोना पावलाला आहे.

खोलीच्या मापांवरच्या या गुप्ततेचा आणखी एक परिणाम आवर्जून पाहण्याजोगा आहे. मरी थार्प आणि ब्रूस हीझन यांना समुद्रतळाचे अचूक खोलीरेषांचे नकाशे छापता येईनात, तेव्हा थार्पबाईंनी विमानातून खाली पाहावे तशी डोंगरदऱ्यांची रेखाचित्रे काढली. बंदीतून निघालेली ही पळवाट इतकी देखणी ठरली, की सर्वसामान्य माणसाला समुद्राचा तळ पहिल्यांदा दिसला तो त्या चित्रांतून. बाई म्हणून थार्प यांना कितीतरी वर्षे संशोधन-जहाजावर पाऊल ठेवता आले नव्हते, हीदेखील त्या काळाच्या विज्ञानाचीच एक नोंद आहे.

बर्फाचेही तेच. ग्रीनलंडच्या बर्फाखाली अमेरिकी लष्कराने ‘कँप सेंच्युरी’ नावाचा तळ खोदला. क्षेपणास्त्रे बर्फात लपवता येतील का, हा त्यामागचा विचार होता. तो बेत फसला, पण १९६६ मध्ये तिथे बर्फाच्या थराला तळापर्यंत, म्हणजे जवळजवळ १,४०० मीटर खोल भोक पाडून जी बर्फाची कांडी बाहेर काढली, तिच्यावरून डेन्मार्कच्या विली डान्सगार्ड यांनी गेल्या एक लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख काढला. दुसरीकडे अंटार्क्टिकातल्या व्होस्तोक या सोव्हिएत ठाण्यावर तसेच वेधन चालू होते. तिथल्या बर्फावरून, फ्रेंच शास्त्रज्ञांच्या साथीने, १९८७ मध्ये १ लाख ६० हजार वर्षांचा कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांचा एकत्रित इतिहास प्रसिद्ध झाला. हवामानबदलाची चर्चा आज ज्या पुराव्यांवर उभी आहे, त्यांतले काही या दोन महासत्तांच्या ठाण्यांतून आले आहेत.

हे वाचून स्पर्धा ही विज्ञानाला लाभलेली देणगीच होती, असा समज होण्याची भीती आहे. वाचकांनी तो करून घेऊ नये. १९४८ च्या ऑगस्टात मॉस्कोत, आनुवंशशास्त्र नाकारणाऱ्या लायसेंको या कृषितज्ज्ञाच्या मताला सरकारी शिक्का मिळाला, आनुवंशशास्त्र हे ‘बुर्ज्वा’ विज्ञान ठरले, आणि सोव्हिएत जीवशास्त्र एका पिढीने मागे पडले. बियाण्यांचा जगातला एक मोठा संग्रह उभा करणारे निकोलाय वाविलोव्ह त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोव्हच्या तुरुंगात वारले होते. अमेरिकेत १९५४ मध्ये रॉबर्ट ओपनहायमर यांच्यावर चौकशी बसली आणि त्यांचा गुप्त कामाचा परवाना गेला. त्याहून बोलके उदाहरण छ्येन श्वेसन यांचे. कॅलिफोर्नियात रॉकेटविद्येचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. १९५० मध्ये त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेण्यात आला आणि १९५५ मध्ये ते चीनला परत गेले. चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांनी उभा केला. संशयाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतल्याचा याहून मोठा दाखला मला तरी माहीत नाही. आणि शास्त्रज्ञांपलीकडे ज्यांचे कोणी नावही घेत नाही अशी माणसे आहेत: मार्शल बेटांवरचे रहिवासी, कझाकस्तानातल्या चाचणीक्षेत्राभोवतीची खेडी, १९५७ मध्ये उरल पर्वताच्या पूर्वेला मायाक कारखान्यात टाकी फुटली तेव्हा किरणोत्सर्गाखाली आलेली गावे. ती दुर्घटना सोव्हिएत सरकारने तीसेक वर्षे मान्य केली नव्हती.

वैरातच सहकार्यही फुलले, आणि या क्षेत्रातली सर्वांत वाचनीय प्रकरणे तीच आहेत. अणुकेंद्रांच्या संमीलनातून ऊर्जा मिळवण्याचे स्वप्न दोन्ही बाजूंना पडत होते. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी येत्या दोन दशकांत ही ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल असे भाकीत केले होते. सगळे प्रयोग तेव्हा गुप्त होते. १९६८ मध्ये लेव्ह आर्त्सिमोविच यांच्या गटाने जाहीर केले की मॉस्कोतल्या टोकामाक या, तापलेला वायू (प्लाझ्मा) चुंबकाने कोंडून ठेवणाऱ्या यंत्रात प्लाझ्माचे तापमान एक कोटी अंशांच्या घरात गेले आहे. पाश्चात्त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा आर्त्सिमोविच यांनी ब्रिटिशांनाच बोलावले: तुमची उपकरणे आणा आणि स्वतः मोजा. कलहॅम प्रयोगशाळेचा गट लेझरसह काही टन सामान घेऊन मॉस्कोला गेला, १९६९ मध्ये मापे घेतली, आणि सोव्हिएत दावा खरा निघाला. सोव्हिएत संघाने प्रागवर रणगाडे घातल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. प्रिन्स्टनने आपले यंत्र मोडून त्याचे टोकामाक केले, आणि आज फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या, भारतही ज्यात भागीदार आहे त्या ‘इटर’ यंत्राचा साचा टोकामाकचाच आहे. भाभांचे भाकीत मात्र अजून खरे व्हायचे आहे.

आरोग्याच्या क्षेत्रातली दोन उदाहरणे थोडक्यात सांगतो. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस अमेरिकेत अल्बर्ट सेबिन यांनी तयार केली. तिची पहिली अतिविशाल चाचणी मिखाईल चुमाकोव्ह यांनी १९५९ पासून सोव्हिएत संघात कोट्यवधी मुलांवर केली. देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन करावे, हा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी मांडला, मोहिमेचे नेतृत्व पुढे डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकी डॉक्टरांनी केले, आणि भारतात टोचली गेलेली लस मोठ्या प्रमाणात सोव्हिएत संघाने भेट दिलेली होती. १९७५ मध्ये आपल्या देशातून देवी गेली. ज्यांच्या दंडावर त्या टोचणीचा व्रण आहे, त्यांनी हा इतिहास अक्षरशः अंगावर वागवला आहे.

आता भारताविषयी. महासत्तांच्या स्पर्धेचे वर्णन बहुधा दोनच पात्रांचे नाटक म्हणून केले जाते आणि आपण प्रेक्षकांत बसतो. गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाने हे चित्र बदलले आहे, आणि त्याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नसावी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा इथून पहिले रॉकेट उडाले: रॉकेट अमेरिकी, त्यातली उपकरणे फ्रेंच, आणि तळाच्या मदतीला सोव्हिएत हेलिकॉप्टर. १९७५ च्या एप्रिलमध्ये आर्यभट्ट हा उपग्रह सोव्हिएत रॉकेटने अवकाशात गेला. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अमेरिकी उपग्रहावरून आपल्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचू लागली. पवईची आयआयटी युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीने उभी राहिली, कानपूरची अमेरिकी विद्यापीठांच्या साहाय्याने. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये अमेरिकी सीडीसी ३६०० संगणक आला. तारापूरच्या अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्यांच्या इंधनावरून जो तंटा झाला, त्यावरून या मदतीला किती दोऱ्या बांधलेल्या होत्या तेही कळते.

याला केवळ मदत म्हणणे अपुरे आहे. विक्रम साराभाई आणि भाभा यांच्या पिढीने एकाकडून मिळणाऱ्या गोष्टीचा उपयोग दुसऱ्याकडून अधिक मिळवण्यासाठी केला. तसेच मान्सूनचे. १९६३ मध्ये हिंदी महासागर मोहिमेसाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू झाले, आणि १९७९ च्या मान्सून प्रयोगात सोव्हिएत जहाजे आणि अमेरिकी विमाने एकाच पावसाचा माग काढत होती. आणि ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात विज्ञान शिकले, त्यांना मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची स्वस्त, जाड पुठ्ठ्याची पुस्तके आठवत असतील. लोकवाङ्मय गृहासारख्या संस्थांमुळे सोव्हिएत पुस्तके मुंबईत सहज मिळत. त्याच कपाटात अमेरिकी पाठ्यपुस्तकांच्या खास भारतासाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्याही असत. दोन्ही बाजूंना आपल्या विद्यार्थ्याचे मन जिंकायचे होते. विद्यार्थी दोन्हींतली गणिते सोडवत होता.

या विषयात शिरताना काही पथ्ये पाळावीत. पहिले, चटकदार गोष्टींपासून सावध राहा. अमेरिकेने अवकाशात लिहिणाऱ्या पेनावर लाखो डॉलर उधळले आणि रशियनांनी साधी पेन्सिल वापरली, हा किस्सा तुम्हीही कधीतरी पुढे पाठवला असेल. वस्तुस्थिती अशी की ते पेन फिशर नावाच्या उद्योजकाने स्वतःच्या पैशाने तयार केले. आधी दोघेही पेन्सिली वापरत होते, नंतर दोघांनीही ती पेने विकत घेतली. इंटरनेटचा जन्म अणुयुद्धात टिकाव धरण्यासाठी झाला, हीदेखील अर्धीच गोष्ट आहे. हल्ल्यातही टिकणाऱ्या जाळ्याची कल्पना रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी मांडली होती, हे खरे. पण ज्या अर्पानेटमधून पुढचे सारे घडले, ते अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘अर्पा’ या संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट टेलर यांना हवे होते ते महागडे संगणक अनेक विद्यापीठांना वाटून वापरता यावेत म्हणून.

दुसरे, यशोगाथांबरोबर फसलेल्या योजनाही वाचा. सोव्हिएत संघात व्हिक्टर ग्लुश्कोव्ह यांनी १९६० च्या दशकात साऱ्या देशाच्या अर्थव्यवस्थेला जोडणाऱ्या संगणकजाळ्याचा आराखडा केला होता. तो खात्याखात्यांतल्या भांडणात बुडाला. बेंजामिन पीटर्स या अभ्यासकांनी त्यावर मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे: भांडवलशाही अमेरिकेने जाळे उभारले ते सरकारी पैशाने आणि सहकार्याने, तर समाजवादी देशातली खाती बाजारातल्या दुकानदारांसारखी आपापसांत स्पर्धा करत बसली.

तिसरे, या क्षेत्रात मतभेद आहेत आणि ते गोडीने वाचण्यासारखे आहेत. १९८७ मध्ये पॉल फोरमन यांनी असे प्रतिपादन केले की लष्करी पैशाने अमेरिकी भौतिकशास्त्राची दिशाच वळवली. आपण लष्कराचा वापर करून घेतो आहोत असे शास्त्रज्ञांना वाटत होते, प्रत्यक्षात वापर त्यांचा होत होता. डॅनियल केव्हल्स यांनी त्याला उत्तर दिले की न वळलेले, ‘खरे’ भौतिकशास्त्र असे कुठे वेगळे ठेवलेले नसते. नेओमी ओरेस्केस यांचे समुद्रविज्ञानावरचे २०२१ मधले पुस्तक या वादाला पुढे नेते: नौदलाच्या पैशामुळे समुद्राविषयी काय कळले याबरोबरच काय कळायचे राहून गेले, हेही त्या विचारतात. माझा कल ओरेस्केस यांच्याकडे आहे. तुमचा वेगळा असू शकेल, आणि पुरावा तपासून तो तसा झाला तर या प्रस्तावनेचे काम झाले असे मी समजेन.

वाचनाची सुरुवात कुठून करावी, असे विचाराल तर नायकांपासून न करता एखाद्या यंत्रापासून करा, असे मी सुचवेन. भूकंपमापक घ्या, चुंबकत्वमापक घ्या, किंवा फोनमधली दिशादर्शक यंत्रणा घ्या. तिची कथा स्पुतनिकपासून निघते: मेरिलंडमधल्या गायर आणि वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी त्याच्या संदेशाच्या कंपनसंख्येत होणारा बदल मोजून त्याची कक्षा काढली, पुढे फ्रँक मॅक्लूर यांनी गणित उलटे फिरवले आणि उपग्रहाची कक्षा ठाऊक असेल तर पाणबुडीची जागा काढता येईल हे दाखवले. यंत्राचा माग काढत गेलात की पैसा कोणाचा, गरज कोणाची आणि उपयोग कोणाला झाला, हे तिन्ही आपोआप समोर येते. रशियन बाजूसाठी डेव्हिड हॉलोवे आणि असिफ सिद्दीकी यांची पुस्तके जरूर वाचावीत. स्पुतनिकचे रॉकेट घडवणारे सर्गेई कोरोल्योव्ह यांचे नाव १९६६ मध्ये ते वारेपर्यंत जगाला माहीत नव्हते. अशा माणसांचे कागद सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर उघडले, आणि पुढे त्यांतले काही दरवाजे पुन्हा बंद झाले. इंग्रजीत सहज मिळते तेवढ्यावर विसंबलो तर निम्मेच नाटक दिसते.

मराठीत या विषयावर फारच थोडे लिहिले गेले आहे, आणि साधने तर आपल्या आसपास आहेत. कुलाब्याच्या हवामान केंद्रात नकाशे रेखाटणारे, तारापूरला अमेरिकी अभियंत्यांबरोबर पहिल्या वर्षांत काम केलेले, पवईत रशियन प्राध्यापकांच्या हाताखाली शिकलेले, कोयनेच्या भूकंपानंतर पोफळीला उपकरणे घेऊन गेलेले लोक आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या वह्या, पत्रे, छायाचित्रे कुठल्यातरी माळ्यावर पडून असतील. तुमच्या घरात किंवा ओळखीत असे कोणी असेल, तर वाचकहो, त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या. कागद रद्दीत जाऊ देऊ नका.